तांडेलाने उठवलेली गाडी

तांडेल पहिल्या दिवशी काम करत नसे. हत्यारांची पिशवी घेऊन यायचा, पण ती उघडायचा नाही. मी इमारतीमागच्या गॅरेजचं दार उघडून दिलं, तेव्हा त्याने कोपऱ्यातली एक बादली पालथी घातली आणि गाडीसमोर बसून राहिला. मी दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या वेळी विचारलंच, "काही हवंय का तुम्हाला?"

"च्या आण," तो म्हणाला. "आज हात लावाचा नाय. आज वळख करून घेतो."

मुलांनो, "आजी, आबांच्या गाडीचं काय झालं?" असं तुम्ही मागे व्हिडिओ कॉलवर विचारलंत आणि तुमच्या आईने एका शब्दात उत्तर दिलं, "विकली." ते खरंच आहे. पण तेवढंच सांगितलं तर तांडेल त्यातून गळून जातो. म्हणून हे लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. हिरवी, बसकी, दोनच माणसांची, वरचं कापडी छप्पर मागे दुमडून ठेवायची विलायती स्पोर्ट्‌स कार. तुमच्या आबांनी ती देश सोडून निघालेल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली होती. मरोळच्या कारखान्यात ते तिनेच जात, आणि त्यांचे साहेब स्वतः साध्या गाडीतून येत असल्यामुळे ती दोन गल्ल्या अलीकडे उभी करत. आबा आजारी पडले तेव्हा तिच्यावर ताडपत्री पडली, ती ते गेल्यानंतरही तशीच राहिली. मी किल्ली जपून ठेवली आणि दार बंद ठेवलं. त्यापलीकडे तिचं काय करायचं हे मला कधी सुचलं नाही.

मग आमची अंधेरीची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. एकेक बिऱ्हाड हलू लागलं. माझी मुलुंडची भाड्याची जागा तयार व्हायला वेळ होता, म्हणून मी मागे राहिले. माझ्या मजल्यावरची इतर दारं आता नुसती ओढून घेतलेली असत आणि वारा आला की आपटत. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आंटी, गाडीची काळजी नको. क्रेनने उचलून भंगारात देऊ." लोणावळ्याच्या एका गृहस्थांना जुन्या गाड्यांचा शौक होता आणि ते ती घ्यायला तयार होते. पण बंद गाडी त्यांना नको होती. इमारत रिकामी करण्याच्या दिवसापर्यंत ती चालू झाली तर ते नेणार, नाही तर क्रेन.

तांडेलाला माझ्याकडे आणलं ते हिराने, माझ्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने. सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली, "माझा सासरा बोटींची मशिनं करायचा. आता घरात बसून भिंत बघतो. त्याला तुझ्या गाडीवर घाल. मेली तर ती मेलेलीच हाय." पैशाचं तिनेच परस्पर ठरवून टाकलं. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. त्याचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातही कोणी ते वापरत नव्हतं.

तो मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाला. कोळीवाड्यात तसंच बोलतात, त्यात उद्धटपणा नसतो. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे आयुष्यभर ऑफिसात 'मॅडम' राहिले. इमारतीत मी 'आंटी', बँकेत 'मॅम'. हिरा सोडली तर आबांच्या मागे या शहरात मला 'तू' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला त्याने "जेवलीस काय?" विचारलं तेव्हा लक्षात आलं.

यंत्र बराच काळ बंद राहिलं की ते मेलेलं नसतं, उपाशी असतं, असं तो धरून चालायचा. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालतात. त्याच्या दृष्टीने ही गाडी तशीच, फक्त तिचा पावसाळा लांबला होता. "उपाशी माणसाला एकदम जेवण देतेस काय? आधी पेज देशील ना?" असं म्हणून त्याने टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला वार्निशचा वास येत होता. मग प्लग काढून इंजिनात थोडं थोडं तेल सोडलं आणि पुढचे कित्येक दिवस ते मुरू दिलं. रोज सकाळी पुढून हँडल लावून हलक्या हाताने जोर देऊन बघायचा. हलत नव्हतं. "नाय? बरं," म्हणायचा आणि दुसरं काही हाती घ्यायचा: उंदरांनी पोखरलेली सीट, चिरलेले रबरी पाइप, तळात साठलेला गंज.

आबांनी गाडीचं इंग्रजी पुस्तक जपलं होतं. मी ते वाचून त्याला मराठीत सांगत असे. मला काम पुस्तकाप्रमाणे व्हायला हवं होतं.

"लिवणारा कुठला?" त्याने विचारलं.

"इंग्लंडचा."

"त्याला आपली खारी हवा कवा लागली? पुढचं वाच."

पण ऐकायचा सगळं. डिझेलची मशिनं त्याच्या हातातली होती, पेट्रोलची नव्हती, आणि हे तो लपवत नसे. ब्रेकचं काम आलं तेव्हा तर पाना खाली ठेवून म्हणाला, "बोटीला ब्रेक नसतो. यासाठी दुसरा माणूस बघ." ते काम मरोळच्या एका गॅरेजवाल्याने येऊन केलं. तो करत असताना तांडेल बादलीवर बसून त्याच्याकडे संशयाने बघत होता.

एका सकाळी हँडल पाव फेरा फिरलं. तांडेल ओरडला नाही. त्याने मला हाक मारून माझा हात हँडलवर ठेवला आणि पुन्हा फिरवलं. आत काहीतरी जड, तेलकट, सावकाश सरकल्यासारखं मला तळव्याला कळलं.

त्या दिवशी चहा पिताना मी त्याला त्याच्या बोटीबद्दल, त्याच्या शब्दात होरीबद्दल, विचारलं. ती मुलाने विकली होती. मुलगा विमानतळावर कार्गोत नोकरीला, त्याला समुद्र नको होता. त्यात काही चूक आहे असं तांडेल म्हणाला नाही. "घेणाऱ्यानं मशीन काढून ठेवली आनि होरी ट्रकवर घातली," तो म्हणाला. "मढच्या हाटेलात दारात ठेवलीय. आत माती भरून फुलझाडं लावलीत. लोकं फोटू काढतात." बशीतला उरलेला चहा त्याने प्यायला. "तुझी ही आपल्या पायानं जाऊ दे, बाय. वढत नेऊ देऊ नको कुनाला." त्या दिवसापासून मलाही तसंच वाटू लागलं. लोणावळ्याचे गृहस्थ गाडी ट्रेलरवरून नेणार होते, पण निदान फाटक तरी तिने स्वतः ओलांडायला हवं होतं.

नवी बॅटरी आली. प्लग बसले. मी किल्ली फिरवली, इंजिन गरगरलं, पण पेटेना. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तांडेल बॉनेटमध्ये वाकलेला असताना मला एकदम आबा दिसले: मरीन ड्राइव्हवर गाडी बंद पडलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि आबा पायातली चप्पल काढून सीटच्या मागे कशावर तरी हाणताहेत. पेट्रोल पुढे ढकलणारा छोटा विजेचा पंप तिथे असतो आणि तो अडकून बसतो. मी चप्पल काढली.

"काय करतेस गो?" तांडेल म्हणाला.

दोन दणके दिल्यावर मागून टकटक सुरू झाली. किल्ली फिरवताच गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. सगळं गॅरेज थरथरत होतं. मी बाहेर येऊन वर पाहिलं. एके काळी आबांनी नुसता हॉर्न वाजवला तरी बाल्कन्यांत बायकामुलं जमत. आता एकाही बाल्कनीत कोणी आलं नाही. यायला कोणी उरलंच नव्हतं. तांडेल माझ्याशेजारी येऊन तसाच वर बघत उभा राहिला.

काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा त्याच्या हातात एक डबा होता. "लाकडाला तेल पाजाया पायजे," तो म्हणाला. या गाडीचा तळ लाकडी फळ्यांचा आहे, हे त्याने आधीच हेरलं होतं. मला वाटलं, ठीक आहे. मी वर जाऊन सामान बांधत बसले. दुपारी खाली आले तर गॅरेजबाहेर सात-आठ मांजरं ओळीने बसलेली. डब्यात मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल होतं. जुन्या लाकडी बोटींना कोळी लोक तेच चोपडत. तांडेलाने फळ्या दोन्ही बाजूंनी भिजवल्या होत्या, आणि जरा उरलं म्हणून दारांच्या आतल्या चौकटीलाही लावलं होतं.

वॉचमन नाक धरून आला. "आंटी, गॅरेज में मच्छी सुखाई है क्या?"

"तांडेल, हे काय केलंत?" मी म्हटलं. "यात माणसं बसायची आहेत."

"मग? बोटीत काय बकऱ्या बसतात?"

लिंबू, सोडा, फिनेल, सगळं करून झालं. वास तसूभर कमी झाला नाही. तांडेल रोज यायचा, फळ्या हुंगायचा आणि "अजून मुरलं नाय, आज नेता येवाची नाय" असं सांगून चहाला बसायचा. फळ्या कधीच्या मुरल्या होत्या, हे मला दिसत होतं. मला दिसतंय, हे त्यालाही दिसत होतं. मी लोणावळ्याला फोन करून आणखी थोडा वेळ मागून घेतला. त्या दिवसांत आम्ही काही केलं नाही. तो बादलीवर, मी खुर्चीत, मध्ये गाडी. कधी तो इंजिन चालू करायचा, आम्ही ऐकत बसायचो, आणि तो बंद करायचा.

शेवटी दिवस आलाच. ट्रेलर फाटकाबाहेर उभा राहिला. गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "जाईल हो वास." तांडेल म्हणाला, "जावाचा नाय." ते हसले आणि त्यांनी गाडी घेतली. मग तांडेलाने मला सांगितलं, "चल, बस. एक फेरी मारून आण." त्याला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती, आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं. मला आबांनी याच गाडीवर शिकवलं होतं, पण त्याला फार काळ लोटला होता. तो शेजारी ताठ बसला आणि समोर बघत हाताने खुणा करत राहिला, बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभं राहून करतात तशा: जरा डावीकडे, हळू, आता सोड. फाटक ओलांडलं. चार बंगल्यांच्या नाक्यावरून वर्सोव्याकडे वळलो. रिक्षावाले मान वळवून बघत होते. तांडेल कोणाकडेही बघत नव्हता.

कोळीवाड्याच्या तोंडाशी त्याने हात वर केला. मी थांबले. तो उतरला, बॉनेटवर तळवा ठेवून क्षणभर उभा राहिला.

"गरम झाली," तो म्हणाला. "त्या मानसाला सांग, हिला निजू देऊ नको म्हनावं."

"सांगते. तुम्ही या ना मुलुंडला, हिराबरोबर."

"लांब हाय गो," तो म्हणाला आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून आत गेला. मी इंजिन चालू ठेवूनच बसले होते. बंद केलं आणि पुन्हा पेटलं नाही तर आता हाक कोणाला मारायची, हा विचार मनात आला. मग वळले, परत आले आणि ट्रेलरच्या फळीवरही गाडी मी स्वतःच चढवली. कोणाला ओढू दिली नाही.

मुलुंडच्या जागेत सगळं नवं आहे आणि सगळं नीट चालतं. श्रावणात हिराचा फोन आला की सासरा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. मी म्हटलं, मी यायला हवं होतं. ती म्हणाली, "आता कशाला येतेस? तेव्हा यायचं होतंस." हिरा अशीच बोलते.

तेव्हापासून मी मधूनमधून लोणावळ्याला फोन करते आणि गाडी कधी चालू केली होती ते विचारते. परवा ते गृहस्थ म्हणाले, "बाई, खरं सांगा. तुम्हाला ती परत हवी आहे का?"

मी नाही म्हटलं. ठेवायला जागा नाही, आणि मी आता चालवणारही नाही. फक्त या आठवड्यात त्यांनी तिला बाहेर काढलं की नाही, तेवढं विचारायचं होतं. ते म्हणाले, पाऊस आहे, काढली नाही. मी म्हटलं, मग निदान गॅरेजमध्येच चालू करा आणि फोन तिच्याजवळ धरा.

त्यांनी धरला. मी खिडकी लावून घेतली आणि ते कंटाळेपर्यंत ऐकत राहिले.