जेबेझ पेल्टनची खुर्ची

वेक्सबरीच्या चर्चखालच्या तळघरात दर ऑक्टोबरात पहिल्या घराण्यांचं जेवण होतं, आणि एव्हिस ओल्शेफ्स्की चाळीस वर्षं त्या जेवणात बीन्स वाढत आली होती. आदल्या दिवशी ते भिजत घालायचे, शनिवारी सकाळी काकवी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून मंद ओव्हनमध्ये सरकवायचे, आणि संध्याकाळी मातीची तापलेली भांडी उचलून टेबलावर न्यायची. टेबल एकच, लांबलचक. ज्याचा पूर्वज या गावात सर्वांत आधी आला तो टेबलाच्या डोक्याशी, मग येण्याच्या क्रमाने बाकीचे. ज्यांचे पूर्वज आलेच नव्हते, किंवा उशिरा आले, ते तिकीट काढून भिंतीलगतच्या घडीच्या टेबलांवर.

एव्हिसला ही सतरा घराणी मागून ओळखीची होती. कोणाच्या मानेवर तीळ, कोणाची कॉलर झिजलेली, कोणाचे केस मागे कधी विरळ झाले, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे चेहरे कसे आहेत, हे मात्र तिला कधीकधी आठवून बघावं लागे.

दातांच्या एका दवाखान्यात तिने आयुष्य काढलं, गावाच्या दाढदुखीला वेळ नेमून देत. निवृत्त झाली, आणि त्या हिवाळ्यात तिच्या मनाने घेतलं की आपण माहेरच्या पेल्टन आहोत, आणि पेल्टन या गावात फार जुने आहेत. एका वयानंतर पुढे बघण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून माणूस मागे वळतो. या देशात गोऱ्या माणसाला मागे फार चालता येत नाही. थोडं गेलं की समुद्र लागतो. त्या समुद्राच्या अलीकडे, किनाऱ्यावर आपलं कोणीतरी उभं असावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि त्या टेबलाशी एक खुर्ची.

"माझं बघ किती सोपं," तिचा नवरा स्टॅन म्हणायचा. "पोलंडहून आजोबा बोटीने आले, उतरले ते तंबाखूच्या शेतात वाकले, आणि नंतर सरळ झालेच नाहीत. संपली वंशावळ. तुला चहा देऊ?"

"तुला थट्टाच सुचणार."

"थट्टा नाही गं. वाकलेल्या माणसाचं नाव दगडावर कोण घालतं?"

एव्हिसच्या माणसाचं नाव मात्र दगडावर होतं. जुन्या दफनभूमीत, पहिल्याच ओळीत, टेबलाच्या डोक्याशी बसणाऱ्या थ्रॉल घराण्यातल्या एकाच्या शेजारी जेबेझ पेल्टन उभा होता. म्हणजे त्याचा दगड. वर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोरलेली पंखांची कवटी, खाली अर्धं झिजलेलं नाव. तीन हिवाळे खपून तिने आईवडिलांपासून या जेबेझपर्यंत एकेक जन्म आणि एकेक लग्न जोडत नेलं, कुठे सांधा निसटू दिला नाही, आणि वसंतात अर्ज घेऊन ती लुक्रीशिया थ्रॉलकडे गेली.

लुक्रीशियाबाई पहिल्या घराण्यांच्या सभेच्या अध्यक्ष. वय चौऱ्याऐंशी, आणि त्यांच्याकडे बघून वाटे की त्यातली पहिली काही वर्षं त्यांनी जन्माला येण्यापूर्वीच भोगली असावीत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"काम चोख आहे हं, एव्हिस. पण जेबेझ इथला मूळ रहिवासी होता, याला आधार काय?"

"मिस थ्रॉल, त्याचा दगड पहिल्या ओळीत आहे. तुमच्या घराण्याच्या शेजारी."

"अगं बाई, त्या ओळी!" लुक्रीशियाबाई हसल्या. "त्या माझ्या वडिलांनी लावून घेतल्या. पूर्वी दगड वाट्टेल तसे वाकडेतिकडे उभे होते. गवत कापायचं यंत्र आलं, ते मधून जाईना. मग सगळे उपटले आणि दोरी धरून सरळ रोवले. उंचीप्रमाणे. तुझा जेबेझ आमच्या माणसाच्या उंचीचा निघाला, एवढंच."

एव्हिसने मान वळवली. खिडकीबाहेर थ्रॉलांचं हिरवंगार अंगण होतं, एक काडीसुद्धा दुसरीहून उंच नव्हती.

"मग तुमच्या दगडाखाली तरी तुमचा माणूस आहे, हे कशावरून?"

"आमचं सगळ्यांना माहीत आहे," लुक्रीशियाबाई शांतपणे म्हणाल्या. "गावसभेची जुनी वृत्तं काढायला सांगते मी. जेबेझ असला तर तिथे असेल."

जेबेझ होता. दोन आठवड्यांनी सभेची समिती चर्चच्या मागच्या खोलीत बसली, आणि एव्हिसला बोलावून ते वाचून दाखवण्यात आलं. गावच्या पंचांनी ठराव केला होता की जेबेझ पेल्टन नावाचा इसम बायकोमुलासह या गावात येऊन राहिला आहे, त्याच्याकडे जमीन नाही, उद्या तो गावाच्या गळ्यात पडेल. तरी त्याने चौदा दिवसांत गावाची हद्द सोडावी. त्या काळी सगळीच गावं हे करत. नवा माणूस आला, गरीब दिसला, की त्याला वेळेत बजावून ठेवायचं, म्हणजे पुढे तो उपाशी मेला तरी गावावर बोल नको. खाली पंचांच्या सह्या होत्या. पहिली सही थ्रॉलची.

"ही चूक असू शकत नाही," लुक्रीशियाबाई म्हणाल्या. "आमचं अक्षर आहे."

मग समितीत वाद सुरू झाला. एक गृहस्थ म्हणाले, ज्याला हाकललं तो रहिवासी कसा? दुसरे म्हणाले, हाकललं म्हणजे तो इथे होता, आणि बाकीच्यांपेक्षा याचाच पुरावा पक्का. तिसऱ्यांना हे पटलं, पण असे हाकललेले सगळे धरले तर टेबल पुरेल का, अशी त्यांना काळजी वाटली. जेबेझ गेला नव्हता, हे उघडच होतं; नदीकाठच्या दलदलीत कुठेतरी राहिला, मुलं झाली, मेला. गावाने त्याला विसरून जागा दिली. एव्हिस हात मांडीवर ठेवून ऐकत होती. आपल्यावर नव्हे तर ताटातल्या एखाद्या संशयास्पद माशावर ही चर्चा चालली आहे, असं तिला वाटत राहिलं.

घरी येऊन तिने स्टॅनला सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून तिने आधीच तोंड फिरवून ठेवलं होतं. तो हसला नाही.

"नदीकाठची दलदल," तो म्हणाला. "म्हणजे तीच ना, जिथे ती बारा घरं बांधणार होते? छपरांची कामं करणाऱ्या त्या ग्वातेमालाच्या लोकांसाठी?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. अंगणात तुझी पाटी आहे ना, 'वेक्सबरी वेक्सबरीकरांसाठी', म्हणून आठवलं. गावसभेत त्या घरांविरुद्ध तूही हात वर केलास. जेबेझला सुद्धा तू मत दिलं नसतंस, एव्हिस."

तिने कपबशी अशी आपटली की कपाचा कान तुटला. स्टॅन दिवसभर त्या तुटक्या कानाकडे बघत राहिला आणि ती खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशी अंगणात पाटी नव्हती. गॅरेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभी केलेली स्टॅनला दिसली. त्याने पाटीपुढे बर्फ काढायचं फावडं टेकवून ठेवलं आणि विषय काढला नाही.

सप्टेंबरात लुक्रीशियाबाईंचा फोन आला. समितीने मोठ्या मनाने जेबेझला स्वीकारलं होतं. एव्हिसला खुर्ची मिळणार होती. क्रमाने सर्वांत शेवटची, स्वयंपाकघराच्या दाराशी.

"आणि स्टॅन?"

"लग्नाने आलेले नवरेबायका नेहमीप्रमाणे भिंतीकडे, डिअर. रक्ताचा प्रश्न आहे. आणि हो, ती जागा तुला सोयीचीच पडेल. बीन्स आणायला दार जवळ. मधेमधे टेकायला खुर्ची."

एव्हिसने 'आभारी आहे' म्हटलं. इतक्या वर्षांची सवय जिभेवर होती.

जेवणाच्या दिवशी तिने बीन्स नेहमीसारखेच ओव्हनमध्ये ठेवले. वाईट शिजवणं तिला जमलंच नसतं. संध्याकाळी ॲप्रन काढून खुंटीला लावला, निळा पोशाख नीट केला, आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच ते सगळे तिला समोरून दिसले. म्हातारे होते बिचारे. प्रार्थना झाली. ब्राउन ब्रेड फिरला. मग सगळे हात मांडीवर घेऊन थांबले.

थांबले.

"एव्हिस," टेबलाच्या डोक्याशी लुक्रीशियाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बीन्स?"

"ओव्हनमध्ये आहेत, मिस थ्रॉल."

"झाले नाहीत का?"

"झाले."

"मग?"

"मग काय? मी कितीतरी वर्षं बघत आलेय. पहिली घराणी उठत नाहीत. त्यांना वाढतात."

भिंतीकडून कोणीतरी खोकलं. स्टॅन उठला, आपली घडीची खुर्ची उचलली, करकर वाजवत आणली आणि एव्हिसच्या शेजारी उघडली. लुक्रीशियाबाईंच्या शेजारचे गृहस्थ अर्धवट उठले. "स्टॅन, गैरसमज नको, पण ही ओळ..."

"त्याला जायला सांगायचंय ना?" एव्हिस म्हणाली. "सांगा की. चौदा दिवसांची मुदत द्या, सही करा. आमच्या घरात असे कागद आले तर आम्ही ते जपून ठेवतो आणि राहतो."

स्टॅनने ब्रेडचा तुकडा मोडला आणि अर्धा तिच्या ताटात ठेवला.

दारातून वास येऊ लागला. काकवी आधी गडद होते, मग कडू, मग भांड्याच्या तळाशी काळा थर धरतो. त्यातली प्रत्येक पायरी एव्हिसला नाकाने कळत होती, आणि मांडीवरचे तिचे हात आपोआप उठायला बघत होते. तिने ते एकमेकांत घट्ट अडकवले. ते बीन्स तिचे होते. आजवर तिने एकदाही करपू दिले नव्हते. टेबलावर सतरा घराणी वास घेत बसली होती, आणि तीनशेवर वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुठे जावं हे कळत नव्हतं.

शेवटी लुक्रीशियाबाई उठल्या. टेबलाला धरत, एकेक घराणं ओलांडत, त्या अगदी शेवटच्या खुर्चीशी आल्या.

"ओव्हनचे हातमोजे कुठे असतात?"

"दाराच्या मागे, मिस थ्रॉल," एव्हिस म्हणाली. "आणि वाकताना जपून. भांडं जड आहे."