उजेडाची चीर

बीदरच्या कॉलेजात पोरांनी ज्यांना ‘भिंगरी सर’ नाव ठेवलं, ते आमचे प्राणिशास्त्राचे सर चहासुद्धा चालता चालता प्यायचे. आणि अशा माणसाने काम कुठलं धरावं, तर वाट बघण्याचं!

अंड्यातल्या पिल्लाचं हृदय त्यांना न कापता, आरपार बघायचं होतं. आधी ते स्पिरिटमध्ये मुरवून त्यातलं पाणी काढायचं. मग सांधेदुखीवर चोळतात त्या गंधपुऱ्याच्या तेलात ठेवायचं, की ते काचेसारखं होतं. दोन ब्लेडच्या फटीतून दिव्याचा उजेड बाजूने सोडला, की एका वेळी एकच पातळ थर उजळतो. सर प्रत्येक थराचं चित्र वेगळ्या काचेवर काढणार होते. काचा एकावर एक रचल्या, की अख्खं हृदय खोलीसकट दिसणार होतं. पण सरांना दम कुठला? पाणी पुरतं निघायच्या आत ते हृदय तेलात टाकत आणि ते दुधासारखं पांढरं होई.

“सर, थोडं थांबा की.”

“थांबायला येळ कुणाला हाय, बाई?” म्हणत ते नवं अंडं फोडत. प्रयोगशाळा मी सांभाळायची, त्यामुळे पसाराही मीच आवरायचा. मला भयंकर राग यायचा.

घाईचं कारण सरांच्या गावी, निर्ण्याला होतं. सरांच्या अक्काचं पहिलं बाळ हृदयाला भोक असल्यामुळे गेलं होतं. पोटुशी असताना तिने ग्रहणात भाजी चिरली होती, आणि आपणच लेकराचं काळीज चिरलं असं ती धरून बसली होती. धड जेवतही नसे. “बौद्ध झालो, घरातले देव काढले,” सर चिडून म्हणत, “पर अक्काच्या डोस्क्यातलं गिराण निघंना!”

शेवटी मीच हृदय मुरत ठेवलेली स्पिरिटची बाटली कपाटात कोंडली आणि किल्ली घेऊन माहेरी गेले. परतले तर सर बसस्टँडवरच येरझारा घालत होते. “किल्ली द्या आधी!”

या वेळी हृदय स्वच्छ निघालं. सरांनी अक्काला बोलावून घेतलं. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली, सर उजेडाची चीर पुढे सरकवत गेले. मधल्या पडद्यात बारीक भोकं दिसली.

“बगायलीस का, अक्का?”

“व्हय. ही कामून पडली?”

“आपोआप. समद्याच पिल्लांना असत्यात. मागून बुजत्यात. एखाद्याचं न्हाई बुजत.”

अक्काने डोळा काढला नाही. “कोंबडीनं तर काय चिरलं न्हवतं.”

“कोंबडी काय चिरंल, अक्का?”

“मग म्या बी न्हाई मारलं माझ्या मिलिंदाला,” ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

ते नाव तिच्या तोंडून सरांनीसुद्धा कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.