दाराखालचा चौथा कोपरा

आगाशीच्या केळीच्या वाडीत आमचं विमान उभं आहे, असं सांगितलं की माहेरचे लोक माझ्याकडे काळजीने बघत. विमान म्हणजे त्याचं पुढचं निम्मं धड: कॉकपिट, दार आणि सहा खिडक्या. जुन्या काळचं, पंख्यांचं प्रवासी विमान. भंगारात तुटायचं होतं, ते माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या निवृत्त मित्रांनी खटपट करून ट्रेलरवर घालून आणलं. वाडीच्या मालकांनी जागा दिली, कुणीतरी पत्र्यावर ‘विमान संग्रहालय’ असं रंगवलं आणि आचोळ्याच्या आमच्या घरातला रविवार संपला.

सासरे विमानतळावर मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं नुसते गॅलरीत बसून असत. चहा समोर निवून जाई. विमान आलं आणि हा माणूस सकाळी सहाला डबा मागू लागला. मी कुरकुर करायची, पण मनातून बरं वाटायचं.

एकच गोष्ट त्यांना डाचत होती. त्यांचं म्हणणं, हे विमान त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सामानाची गाडी आदळून दाराखाली भोक पडलं होतं आणि त्यावर त्यांनी एकट्याने पत्र्याचं ठिगळ बसवलं होतं. तीन कोपरे गोल. चौथा मात्र हात घसरल्यामुळे तिरका कापला गेला. साहेब ओरडले, पण ठिगळ पास झालं. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकत होते. पण तसली विमानं कंपनीकडे पुष्कळ होती आणि याचा नंबर केव्हाच पुसला गेला होता. रंग खरवडून काढला, तर खाली ओरखड्यांचं नुसतं जाळं. ठिगळ काही दिसेना. एक मित्र हसत म्हणाले, म्हातारपणी सगळीच विमानं आपली वाटतात. सासरे घरी येऊन जेवलेही नाहीत. मला त्या मित्राचा भयंकर राग आला.

पुढच्या रविवारी पत्रा चमकवायचा होता. सासऱ्यांनी डबीतलं पॉलिश बोटभर जागेला घासून दाखवलं आणि ते कॉकपिटमध्ये तारा जोडायला गेले. बोटभर जागेला अर्धा तास! एवढा धीर माझ्यात कुठला? वाडीच्या मालकीणबाई चुलीपाशी होत्या, त्यांच्याकडे गाऱ्हाणं केलं.

“राखेत पानी कालव नि थाप,” काकू म्हणाल्या. “भांडी निघतात, तं हे का नाय निघनार?”

आम्ही दोघींनी दाराखाली राखेचा जाड लेप दिला आणि जेवायला बसलो. गप्पांत तासभर गेला. परत येऊन लेप धुतला तर पत्रा काळाठिक्कर पडला होता. ॲल्युमिनियमला ओल्या राखेचा खार सोसत नाही, हे मला कोण सांगणार होतं? इतक्या लोकांची इतक्या रविवारांची मेहनत मी एका जेवणात घालवली. बोलणी खायची तयारी ठेवून मी सासऱ्यांना हाक मारली.

ते आले. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि सरळ चिखलात गुडघे टेकले. सगळा पत्रा काळा पडला होता. फक्त मधे वहीच्या पानाएवढा तुकडा राखाडी राहिला होता. तो पत्रा वेगळ्या जातीचा होता, म्हणून त्याच्यावर राख तेवढी चढली नव्हती. सासऱ्यांचं बोट कडेकडेने फिरलं. एक कोपरा गोल, दुसरा गोल, तिसरा गोल. चौथा तिरका.

“हेच,” ते म्हणाले आणि रडायलाच लागले. त्या दिवशी हसलेले ते मित्र डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या शेजारी चिखलात बसले. मी आनंदाने काकूंना मिठीच मारली, राखेच्या हातांनी.

चिंचेच्या पाण्याने काळेपणा उतरतो, हेही मग काकूंनीच सांगितलं. बाकीचा पत्रा आम्ही तसा उजळला. ठिगळाजवळ पोचलो, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या कडेच्या काळ्या पत्र्यावर हात ठेवला आणि तो हटवलाच नाही.

पुढे शाळांच्या सहली येऊ लागल्या. मुलं आधी पायलटच्या खुर्चीत बसत. मग सासरे त्यांना दाराखाली नेऊन ते ठिगळ आणि त्याभोवतीचा काळा पत्रा दाखवत.

“ठिगळ माझं,” ते सांगत, “आणि हा काळा रंग आमच्या सूनबाईंचा. दोन्ही कामं चुकलेली आहेत. ती पुसायची नाहीत.”