गोड्या पाण्याचे आकडे

इतकी वर्षे हे सांगायचे मी टाळले. परवा उरणच्या खाडीचा कुजका वास आला आणि ठरवले, आता सांगून टाकायचे. तिथल्या मिठागरात मी रसायनतज्ज्ञ होतो. एकदा मिठात चुन्याचा अंश फार निघाला. पाण्यात एवढा चुना विरघळूच शकत नाही, त्या वाफ्यावरच्या कामगाराने वजन वाढवायला वरून मिसळला, असे मी गणिताने मालकाला पटवले. “मास्तर, ह्येच मीठ आमचे घरचे कालवनात पडतं, त्यात चुना कशाला घालू?” कामगार म्हणाला. मालकाने त्याला मूठभर मीठ खायला लावले; तो तिथेच ओकला, मग त्याला हाकलले. नंतर कळले, त्या गणितात मी गोड्या पाण्याचे आकडे धरले होते. दाट खाऱ्या पाण्यात मिठाचे कण चुन्याच्या कणांना वेढून एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून चुना जास्त विरघळतो. मालकाला ते सांगितले नाही. माफी मागायला कामगाराच्या घरी गेलो, तर त्याने पाट मांडला. मी पोटभर जेवलो आणि तसाच परतलो.