वाईला निघालेली घोडी

"अंगठा आत!"

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना कुणी काहीही द्यायला गेलं, की त्या आधी हे ओरडायच्या. मग तो प्रसादाचा पेढा असो नाहीतर गच्चीची किल्ली. चिमटीत धरून दिलेली वस्तू त्यांना चालायची नाही. तळवा सपाट, बोटं जुळलेली, अंगठा बाजूला चिकटवलेला आणि वस्तू बरोबर मधोमध. स्वतःही तशीच द्यायच्या. आमचे सेक्रेटरीसाहेब एकदा त्या तळहातावरचा पेढा थेट तोंडानंच उचलायला वाकले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते नाही म्हणतात. म्हणू देत.

"काकू, हे असं का पण?" मी पहिल्यांदा विचारलं.

"चावतो ना."

"कोण?"

"घोडा. आणखी कोण?"

दिल्लीतलं मयूर विहार, तिसरा मजला, बंद दाराची लिफ्ट, आणि घोडा! मी मागे वळून पाहिलं. तुम्हीही पाहिलं असतं.

त्याचं असं होतं. काकूंचे वडील केंद्र सरकारात. काकू लहान असताना त्यांची बदली थेट विलायतेला, वकिलातीत झाली. तिथल्या घरमालकिणीकडे टीव्ही होता आणि त्यावर दर आठवड्याला मुलांची एक मालिका लागायची. डोंगरातली एक पागा. मार खाल्लेले, टाकून दिलेले, म्हातारे झालेले घोडे सोडवून तिथे आणायचे, आणि एक मुलगी नि दोन-चार माणसं त्यांना सांभाळायची. बस्स, एवढंच. टीव्ही कृष्णधवल, त्यात अँटेना वाकडी. त्यामुळे काकूंच्या आठवणीतले सगळे घोडे धुक्याच्या रंगाचे होते, आणि तिथे बाराही महिने भुरभुर बर्फ पडत असायचं.

एका भागात पागेतला सगळ्यात म्हातारा घोडा कुरणात बसला, तो काही केल्या उठेना. मुलगी त्याच्या मानेला टेकून त्याला हाका मारत राहिली आणि भाग संपला. पुढच्या आठवड्यात वडिलांची बदली दिल्लीला. सगळी विलायत टीव्हीसमोर बसलेली असताना काकू विमानात.

"मग? उठला का तो?"

"शेवट मी पाहिलेला नाही," काकू म्हणायच्या. "म्हणजे तो अजून बसलेलाच आहे."

आमच्या सईनं एकदा मोबाइल पुढे केला. "काकू, आता सगळं मिळतं यार. दोन मिनिटांत काढून देते."

काकूंनी तो मोबाइल असा दूर सारला, जसं काही त्यातून कुणी बाहेर येणार होतं.

"नको गं. आणि नसला उठला तर?"

या बाईंनी संसार केला, मंत्रालयात नोकरी केली, नवऱ्याला पोचवलं, मुलाला मार्गी लावलं. आणि हे सगळं करताना मनाच्या मागच्या अंगणात तो घोडा बसलेलाच होता. मी अतिशयोक्ती करतो असं लोक म्हणतात. पण इथे मला काही वाढवावंच लागत नाही.

निवृत्त झाल्यावर काकूंनी दर रविवारी सकाळी आपल्या बैठकीत मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला. दिल्लीत वाढलेली आमची मुलं. पोळपाटाला चकला म्हणणारी आणि मावशीला 'आंटी' म्हणून मार खाणारी. काकूंनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी ती मालिका सांगायला घेतली, पहिल्या भागापासून, मराठीत. सांगता सांगता पागा वाईजवळच्या डोंगरात गेली, कारण वाई काकूंचं मूळ गाव, आणि डोंगर म्हटला की त्यांना तोच दिसायचा. मुलीचं नाव झालं यमू, घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराचं बापू. विलायतेत पाहिलेले भाग केव्हाच संपले. काकूंची मालिका मात्र वर्षानुवर्षं चालली. दर आठवड्याला नवा घोडा यायचा. कुणी टांग्याचा, कुणी सर्कशीतला, कुणी नुसताच दुःखी.

परिणाम काय झाला, ऐका. आमच्या मुलांना 'उंबरठा' माहीत नव्हता, पण खरारा, खोगीर, तोबरा, आयाळ हे सगळं तोंडपाठ. सईनं पुण्याच्या लग्नात आत्याला सांगितलं, "आत्या, तुझी आयाळ काय सुंदर आहे!" आत्या माझ्याशी अजून तुटक बोलते.

आणि दुसरा परिणाम असा की वाईजवळ ही पागा खरोखर आहे, याबद्दल मयूर विहारच्या मराठी मुलांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. कशी उरेल? काकू कधी 'एकदा काय झालं' म्हणायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, "या आठवड्यात बापूंकडे काय झालं माहितीये?"

तर तो डिसेंबरातला रविवार. धुकं असं, की मी गॅलरीत हात बाहेर काढला आणि हात दिसेना. वर्गाची वेळ झाली, मुलांचा पत्ता नाही. तेवढ्यात गार्डचा फोन. "साहब, नीचे आइए. बच्चे घोड़ी लाए हैं."

मी आणि काकू खाली गेलो. गेटच्या बाहेर धूसर पांढऱ्यात आठ-दहा मुलं, पुढे आमची सई, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी घोडी. वरातीची. कपाळावर अजून जुन्या गोंड्याचा एक धागा. मागचा एक पाय अधांतरी, एक डोळा पांढुरका. सोबत तिचा मालक रामफल. बाजाराच्या मागे राहणारा, अर्ध्या पूर्व दिल्लीतले नवरदेव त्यानंच बोहल्यापर्यंत पोचवलेले.

"अब ये बारात में नहीं चलेगी, बीबीजी," रामफल म्हणाला. "लेने वाले आए थे कल. ले जाके क्या करते हैं, वो आप भी जानती हैं. मैंने मना कर दिया. फिर ये बच्चे बोले, आपका फारम है, पूना से आगे. बूढ़े घोड़ों का. सच है?"

सगळी मुलं काकूंकडे बघत होती. मी सांगतो, सुप्रीम कोर्टात निकालाच्या वेळी एवढी शांतता नसते. काकू काय म्हणणार? नाही म्हणावं तर मुलांच्या डोळ्यांदेखत वाईचा डोंगर कोसळणार. हो म्हणावं तर ही घोडी न्यायची कुठे?

काकूंनी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी घोडी आधी पुढच्या गुडघ्यांवर टेकली, मग कुशीवर झाली. धुक्यात. डांबरी रस्त्यावर.

"उठ! चल, उठ!" रामफल लगाम ओढू लागला. घोडी हलेना. एक छोटी मुलगी रडायला लागली.

काकूंचा चेहरा मी पाहिला. तिथे मयूर विहार नव्हतं. एवढ्या वर्षांनी, त्याच भुरभुर पांढऱ्यातून, पुढचा भाग लागला होता.

"अहो सईचे बाबा, कुणाला रस्त्यात येऊ देऊ नका," एवढंच म्हणाल्या. मग शाल घोडीच्या पाठीवर टाकली आणि स्वतः खाली रस्त्यावर बसून तिच्या मानेला टेकल्या. लगाम सोडायला लावला. हळूहळू काहीतरी बोलत राहिल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. मुलं म्हणतात, त्या सगळ्या घोड्यांची नावं घेत होत्या, पहिल्या भागापासून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला विचाराल तर खांद्यांवर बर्फ साचेपर्यंत, आणि दिल्लीत बर्फ पडत नाही हे मला सांगू नका. मी तिथे होतो.

मग घोडीनं मान उचलली. पुढचे पाय रोवले, एकदा घसरली. सगळ्या मुलांनी एकदम श्वास घेतला. आणि ती उभी राहिली.

"उठला," काकू म्हणाल्या.

घोडी होती. मी चूक काढली नाही.

काकूंनी रस्त्याला हात टेकून स्वतःलाही उठवलं आणि डोळे पुसून मुलांकडे वळल्या. "वाई लांब आहे. ही थकलीये. वाटेत मुक्कामाच्या ठाण्यावर थांबवू, बरी झाली की पुढे."

"ठाणं कुठंय, काकू?"

"खादरात."

खादर म्हणजे आमच्या पुश्त्यापलीकडची, नदीच्या बांधापलीकडची, यमुनेकाठची सखल शेतं. काकू कोथिंबीर ज्यांच्याकडून घ्यायच्या त्या चाचांचा तिथे भाजीचा मळा आणि एक रिकामी झोपडी. धुक्यातून आमची वरात निघाली. पुढे काकू, मागे घोडी, मग मुलं, शेवटी पायात स्लीपर घालून मी. इतक्या संथ वरातीत मी कधी चाललो नाही. चाचा मुळ्याच्या वाफ्यात उभे होते. त्यांनी घोडीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"कितने दिन?"

"थकान उतरने तक."

"अच्छा," चाचा म्हणाले, आणि झोपडीतलं सामान बाहेर काढायला लागले.

त्यानंतर वर्ग खादरात भरू लागला. रामफलही रविवारी न चुकता यायचा, कडेला बसून एक अक्षर न समजता ऐकायचा आणि बापूंच्या घोड्यांसाठी डोळे पुसायचा. तास संपला की कुणीतरी विचारायचं, "काकू, ही वाईला कधी जाणार?" काकू घोडीच्या पायावरून हात फिरवून म्हणायच्या, "अजून थकलीये. पुढच्या रविवारी बघू." मुलं मोठी झाली. त्यांनी नकाशे पाहिले, वाईला सहली काढल्या, त्यांना सगळं कळलं. पण विचारायचं कुणी सोडलं नाही.

मग काकूंचा मुलगा त्यांना गुरुग्रामला घेऊन गेला. तब्येत बरी नव्हती. त्याचं घर एवढ्या उंचावर, की ढग बेल वाजवून आत येतात. आम्ही मुलांना घेऊन भेटायला गेलो. काकू खिडकीशी बसलेल्या, बाहेर नुसतं पांढरं.

"परत कधी येणार, काकू?" सईनं विचारलं.

"थकलेय गं," त्या हसून म्हणाल्या. "जरा थांबते इथे. मग पुढे."

निघताना त्यांनी प्रत्येकाच्या पुढे तळहात धरला. सपाट तळव्यावर खडीसाखर. आम्ही सगळ्यांनी, अगदी मीसुद्धा, वाकून ती ओठांनी उचलली.

थंडी सरता सरता काकू गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही खादरात जमलो. वर्ग आता सईच घेते. थंडी जाता जाता धुकं पुन्हा एकदा उतरलं होतं. घोडी त्यातून सावकाश पुढे आली आणि आमच्यात कुणाला तरी शोधत राहिली. वर्गात नव्यानंच आलेल्या एका चिमुरडीनं विचारलं, "ताई, ही वाईला कधी जाणार?"

बाकी सगळे जमिनीकडे बघायला लागले.  सईनं त्या मुलीची मूठ उघडली, बोटं एकेक करून सरळ केली आणि मधोमध गुळाचा खडा ठेवला.

"अंगठा आत," सई म्हणाली.