फाडलेला कोपरा

कळंबच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा कर्जतहून टपाल घेऊन एक पोस्टमन चालत यायचा. वहाणा पायात कमी आणि काखेत जास्त. आला की सरळ वर्गात शिरून पाणी मागायचा.

मोठी लढाई चालू होती. आमच्या भागातले काही जण पलटणीत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याला गेले होते, त्यांत माझा धाकटा भाऊही होता. मुलाचं पत्र आलं की आया ते आधी देवापुढे ठेवत, मग वाचून घ्यायला माझ्याकडे आणत. एका म्हातारीने असाच एक सरकारी लखोटा हळदकुंकू वाहून दोन दिवस देवापुढे ठेवला. मी उघडला तेव्हा त्यात तिचा मुलगा गेल्याचं लिहिलं होतं.

आपल्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात आणि ते घराबाहेरच वाचतात. सरकारला हे कोण सांगणार? तसले लखोटे पोस्टमनला एव्हाना नुसते बघून ओळखू येत. त्या म्हातारीचं कळल्यापासून तो वाटेतच त्यांचा कोपरा फाडू लागला.

"नोकरी जाईल तुझी," मी एकदा रागावलो.

"जाऊंद्या गुरुजी. पण त्ये देवापुढं जायला नको."

लढाई संपली. सरकार जिंकलं म्हणून शाळेत पेढे वाटायचा हुकूम आला. मी वाटत होतो, तेवढ्यात तो आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"गुरुजी, जरा भाईर येता का?"

मला वाचता येतं हे त्याला ठाऊक होतं. तरी हातातल्या लखोट्याचा कोपरा त्याने फाडला होता.