लहानूने मारलेला पट्टा

शहराला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत माणसं आधी रस्त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि पुढच्या दिवाळीला कार घेतात. मी निवृत्त मास्तर. माझी सायकल अजून चालू आहे, म्हणून मी हे बोलू शकतो. खरं तर बोलायला हवं होतं लहानू थूलने, पण त्याचा तो स्वभाव नव्हता.

लहानू रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचा. ठेकेदाराच्या गाडीवर भट्टी असायची. तिच्यातला उकळता रंग ढकलगाडीत घ्यायचा आणि ताणलेल्या दोरीच्या बाजूने सरळ चालत राहायचं. बावीस वर्षं त्याने हेच केलं. पार कारंजा घाडग्यापर्यंतचे पट्टे त्याच्या हातचे. स्वतः मात्र कामावर सायकलने जायचा, आणि मारलेल्या पट्ट्यांत सायकलवाल्यासाठी एकही नव्हता. "आपल्याले कडेनं जाता येते ना, गुरुजी," म्हणायचा. कडेला नाली होती.

त्याची बायको धुरपता शहरात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, सगळं पायी. माहेर आंजीचं. तिथे शाळेत असताना भावाची सायकल ती झोकात चालवायची, पण लग्नानंतर सुटली ती सुटलीच. गुडघे कुरकुरायला लागले तसा लहानू तिच्या मागे लागला, की सायकल घे. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "रोडावर जागा दाखवा, मंग बशीन."

दोन वर्षांपूर्वी ती जागा कागदावर उतरली. शहर सायकलवाल्यांच्या सोयीचं करायचं ठरलं, आणि आमच्या रस्त्याच्या डाव्या कडेला दीड मीटर सायकलसाठी आखून द्यायचा हुकूम आला. काम लहानूच्या ठेकेदाराला मिळालं. त्या दिवशी लहानू माझ्याकडे चहाला थांबला. "गुरुजी, पहिल्यांदा आपल्या कामाची लाइन मारून राह्यलो," म्हणाला. एवढा खूश मी त्याला मेघाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, लग्नातही पाहिला नव्हता.

पट्ट्याच्या आत सायकलीचं चित्र उमटवायला पत्र्याचा साचा आला होता. सायकल पुरुषाची, मधे आडवा दांडा. आमच्या वस्तीसमोर आल्यावर लहानूने दांड्याच्या खाचेवर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि सात सायकली बिनदांड्याच्या काढल्या. सुपरवायझर सचिन खवळला. "हे काय केलं? सायकल तुटल्यासारखी दिसून राह्यली."

"लेडीज सायकल आहे साहेब. इकडून बायाच जातात जास्त."

सचिन बडबडला, पण तो रंग दोन मिनिटांत घट्ट होतो. सायकली तशाच राहिल्या.

लहानूने धुरपताला हाताला धरून ते चित्र दाखवायला आणलं. ती वाकून बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून हसली. आठवड्याभरात जुनी लेडीज सायकल घरी आली. लहानू पहिले काही दिवस तिच्या मागे मागे जायचा आणि एकच गोष्ट बजावायचा, "लाइनच्या अंदर राहाजो. अंदर कोनी येत नाई." जन्मभर पट्टे मारणाऱ्याला पट्टा म्हणजे भिंत वाटते. मला तरी कुठे वेगळं वाटलं होतं? मीही चार बायांना तेच सांगितलं.

आठ महिने बरे गेले. धुरपता वीस मिनिटांत कामावर पोचायची. तिच्या मागून आणखी पाच-सहा जणी निघायला लागल्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, कारण इतकी निवांत सायकल मी कधीच चालवली नव्हती.

मग लग्नसराई आली. रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. वऱ्हाडाच्या गाड्या सरळ सायकलच्या पट्ट्यात उभ्या राहायला लागल्या, दांड्याच्या आणि बिनदांड्याच्या सायकलींवर सारख्याच. मी ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज दिला. "लग्नं आहेत गुरुजी, समजून घ्या," असं उत्तर मिळालं. समजून घ्यायचं ते सायकलवाल्यानेच.

वैशाखातली दुपार होती. संध्याकाळच्या स्वयंपाकाला धुरपता निघाली. गाड्यांची रांग चुकवायला तिने सायकल पट्ट्याबाहेर काढली, आणि मागून गिट्टी भरलेला टिप्पर ट्रक आला. दवाखान्यात न्यायच्या आधीच ती गेली.

चौथ्या दिवशी चौकीतून बोलावणं आलं. मी लहानूबरोबर गेलो. बाईची चूक नव्हती, एवढं कागदावर यावं, बाकी त्याला काही नको होतं. वाटेत त्याने ते मला तीनदा सांगितलं.

जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने आधी पाणी दिलं. मग नकाशा दाखवला. त्यात रस्ता होता, टिप्पर होता, सायकल होती, पट्टाही होता. उभ्या गाड्या नव्हत्या. पोलीस पोचेपर्यंत गाड्या हलल्या होत्या आणि वऱ्हाड आपापल्या गावी गेलं होतं. ड्रायव्हरने सांगितलं होतं, की बाई एकाएकी पट्टा सोडून पुढे आली.

मी चिडलो. म्हटलं, गाड्या रोजच असतात तिथे.

"त्या दिवशी तुम्ही पाह्यल्या का, गुरुजी?"

मी पाहिल्या नव्हत्या. जमादार लहानूकडे वळला. "तिथं सायकलची लाइन होती का नाई?"

"होती."

"नीट दिसते का?"

मी टेबलाखालून लहानूचा हात दाबला. पुसट झाली म्हण, आठवत नाही म्हण, काहीही म्हण. पण बावीस वर्षांत त्याने स्वतःच्या कामाला कधी पुसट म्हटलं नव्हतं.

"दिसते साहेब. दीड मीटर. मीच मारली, मापून."

"मंग बाई बाहेर काऊन आली?"

"गाड्या उभ्या असतीन. नाईतर ते बाहेर येत नोती. मी सांगतलं होतं तिले."

"असतीन म्हणजे? पाह्यल्या कोनी?"

जमादाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'मयताचे पती यांनी सांगितले की, घटनास्थळी सायकलकरिता स्वतंत्र पट्टा स्पष्ट आखलेला होता, तसेच पट्ट्याच्या आतच राहण्याबाबत मयतास समज दिलेली होती.'

"बरोबर आहे का?"

लहानूने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे बघत होतो.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि सही केली.